सात सीटची लक्झरी एसयूव्ही बघताय? आधी शेवटच्या ओळीत बसा

मोठ्या, तीन ओळींच्या लक्झरी एसयूव्हीचे रिव्ह्यू बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या सीटवरून लिहिलेले असतात. इंजिन किती ताकदीचं, शून्य ते शंभर किती सेकंदांत, स्क्रीन केवढी. कुटुंबासाठी गाडी घ्यायची असेल तर यातलं फारच थोडं कामाला येतं. या वर्गात ताकद कमी पडेल अशी गाडी सापडणं अवघड आहे. बीएमडब्ल्यू एक्स ७, मर्सिडीज जीएलएस, ऑडी क्यू ७, व्होल्व्हो एक्ससी ९०, कुठलीही घ्या, एकट्याने चालवली तर छानच वाटते. खरा फरक कळतो तो सातही जण बसल्यावर आणि डिकी भरल्यावर. म्हणून माझं ठाम मत आहे की ही गाडी भरून बघायची, आणि बघायला सुरुवात मागून करायची.

शोरूममध्ये गेल्यावर घरातल्या सगळ्यात उंच माणसाला तिसऱ्या ओळीत बसवा. मात्र त्याआधी पुढच्या दोन्ही ओळी रोजच्या वापरात जशा असतात तशा लावून घ्या. ही गोष्ट हमखास राहून जाते. दुसरी ओळ रुळावर पुढे सरकवून ठेवलेली असते, त्यामुळे मागे भरपूर जागा आहे असं वाटतं. पहिल्या सीटवर चालवणारा त्याच्या सवयीप्रमाणे बसला, त्याच्यामागे एक मोठं माणूस आरामात बसलं, की मग मागे काय उरतं ते बघा.

गुडघ्यापुढची जागा सगळेच बघतात. त्याहून महत्त्वाची आहे ती सीटची जमिनीपासूनची उंची. तिसऱ्या ओळीखालून मागचा अ‍ॅक्सल, सस्पेन्शन, एक्झॉस्ट असं बरंच काही जातं, म्हणून तिथली फरशी वर उचललेली असते. छताची उंची मात्र तेवढीच. मग डोक्याला जागा मिळावी म्हणून गादी खाली बसवतात आणि बसणाऱ्याचे गुडघे पोटाच्या वर येतात. मांड्यांना आधार मिळत नाही, सगळा भार माकडहाडावर पडतो आणि अर्ध्यापाऊण तासात पाय अवघडतात. टेप घेऊन जा. फरशीपासून गादीच्या पुढच्या कडेपर्यंत साधारण तीस सेंटीमीटर किंवा जास्त अंतर असेल तर मोठं माणूस दोनेक तास बसू शकेल. त्याहून बरंच कमी असेल तर ती सीट मुलांची समजा.

कंपन्या याबाबतीत बऱ्यापैकी प्रामाणिक आहेत, आपणच वाचत नाही. व्होल्व्हो एक्ससी ९० च्या तिसऱ्या ओळीसाठी १७० सेंटीमीटर उंचीपर्यंतची माणसं धरते. मर्सिडीज जीएलएससाठी हाच आकडा १९४ सेंटीमीटर सांगते. दोन्ही गाड्या सात सीटच्याच म्हणून विकल्या जातात, पण एकीत आजोबांना मागे बसवता येतं आणि दुसरीत नातवाला. लांबीतही तसाच फरक आहे: एक्ससी ९० पाच मीटरच्या आत आहे, जीएलएस सुमारे ५.२ मीटर. हे जादाचे पाव मीटर बहुतांशी मागच्या माणसांच्या वाट्याला येतात.

बसून झालं की डोकं मागे टेका आणि मागच्या काचेपर्यंत किती अंतर उरतं ते हाताने मोजा. मागून धडक बसली तर चुरगळायला तेवढीच जागा आहे. हेडरेस्ट वर ओढल्यावर कानाच्या वरच्या टोकापर्यंत येतो का, कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) तिसऱ्या ओळीपर्यंत पोचते का, हे दोन्ही तपासाच. क्रॅश टेस्टचे तारे बघून निर्धास्त होऊ नका, कारण त्या चाचण्यांमध्ये डमी पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत असतात. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्तासुरक्षा संस्थेने तर समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत दुसऱ्या ओळीतला डमी २०२२ मध्ये आणला. तिसऱ्या ओळीबद्दल तारे फारसं काही सांगत नाहीत. तिथे बेल्टला प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारी यंत्रणा) आहे का, हे मॅन्युअल किंवा स्पेसिफिकेशन शीटमध्ये शोधावं लागतं. बेल्ट मुलाच्या खांद्याच्या मधोमध येतो की मानेला घासतो, हे मात्र मूल बसवूनच कळतं.

आता बाहेर पडून बघा, आणि दुसऱ्या ओळीत चाइल्ड सीट लावलेली असताना बघा. सीट पुढे सरकवायच्या बटणाचं प्रात्यक्षिक सेल्समन रिकाम्या सीटवर दाखवतो. आयसोफिक्सवर (गाडीच्या सीटमधल्या, चाइल्ड सीट अडकवायच्या हूकांवर) मागे तोंड करून बसवलेली चाइल्ड सीट असेल, तर ती ओळ बहुतेक गाड्यांत पुढे कलतच नाही. मग तिसऱ्या ओळीत जायला एकच बाजू उरते. ६०:४० अशी विभागलेली बेंच असेल तर मोकळी राहणारी बाजू फुटपाथकडे येते की रहदारीकडे, हे तुमचा देश कुठल्या बाजूने गाडी चालवतो त्यावर ठरतं. आणि सीट इलेक्ट्रिक असेल तर ती सरकायला लागणारा वेळ मोजा. पावसात दार उघडं ठेवून दहा सेकंद उभं राहणं फार वाटतं. त्याहून गंभीर प्रश्न असा की बॅटरीच गेली तर मागचा माणूस आतून सीट कशी हलवणार? काही गाड्यांत हाताने ओढायची पट्टी किंवा खटका असतो. तो कुठे आहे ते विचारा आणि मागे बसून स्वतः ओढून बघा.

मुलं लहान असतील तर मी दुसऱ्या ओळीत सलग बेंचपेक्षा कॅप्टन सीटची, म्हणजे दोन सुट्या सीटची, बाजू घेईन. एक सीट कमी होते हे खरं, पण दोन सीटमध्ये वीतभर वाट मिळाली तरी शाळकरी मूल दुसऱ्या ओळीला हात न लावता मागे जातं. तीन चाइल्ड सीट शेजारी शेजारी लावायच्या असतील तर मात्र बेंचच हवी, आणि तीसुद्धा प्रत्यक्ष सीट नेऊन बसवून बघितल्याशिवाय नको. चाइल्ड सीट ४४ सेंटीमीटर रुंद धरली तर तिघींना १३२ सेंटीमीटर झाले. एवढी रुंदी गाडीत असते, पण आयसोफिक्सचे हूक सीटच्या बरोबर मध्यावर नसतात. बाजूची चाइल्ड सीट मधल्या बेल्टच्या बकलवर चढते आणि मधलं मूल बांधताच येत नाही. सपोर्ट लेग (फरशीवर टेकणारा दांडा) असलेली चाइल्ड सीट असेल तर त्या पायाखाली फरशीतला सामानाचा कप्पा येत नाही ना, हेही बघा. कप्प्याच्या झाकणावर तो पाय टेकवायचा नसतो. क्यू ७ मध्ये दुसऱ्या ओळीच्या तीन सीट वेगवेगळ्या सरकतात, हा या बाबतीत मोठा फायदा. एक्ससी ९० मध्ये दुसऱ्या ओळीच्या मधल्या सीटमधूनच बूस्टर (मुलाला उंच बसवणारी गादी) वर काढायची सोय मिळते. मूल थोडं मोठं झालं की तिचा रोज उपयोग होतो.

सगळ्या सीट उभ्या ठेवून डिकी उघडा. जाहिरातीतला डिकीचा मोठा आकडा सीट पाडल्यानंतरचा असतो. सातही सीट उभ्या असताना एक्स ७ मध्ये ३२६ लिटर आणि जीएलएसमध्ये ३५५ लिटर जागा राहते, म्हणजे मध्यम हॅचबॅकएवढीच. सात माणसांचं आठवड्याचं सामान त्यात मावत नाही. मऊ बॅगा उभ्या रचल्या तर थोडं जास्त बसतं, कडक सुटकेस दोनच. एक्स ७ चा मागचा दरवाजा वर आणि खाली असा दोन भागांत उघडतो. खालच्या फळीवर बसायला मजा येते, सामान घरंगळत नाही, पण खोलवरची बॅग काढायला फळीवरून वाकावं लागतं. पाठीचं दुखणं असलेल्याने हे करून बघावं.

आता येतो तो मुद्दा, ज्याबद्दल जवळजवळ कोणीच बोलत नाही: वजन. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा प्लेटवर एकूण मान्य वजन लिहिलेलं असतं. समजा ते ३२५० किलो आहे आणि रिकामी गाडी २५६० किलो. म्हणजे माणसं आणि सामान मिळून ६९० किलो. सात माणसं सरासरी ७५ किलोची धरली तर ५२५ किलो तिथेच गेले, सामानाला राहिले १६५. रिकाम्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर धरला आहे की नाही, हे मात्र आधी पाहा. युरोपियन पद्धतीच्या आकड्यात तो धरलेला असतो, जर्मन डीआयएन पद्धतीत नसतो. शिवाय पॅनोरमिक छत, मसाज सीट, मोठी चाकं, टो हुक असे जे जे पर्याय घ्याल त्यांचं वजन याच ६९० मधून वजा होतं. टपावरचं ओझं वेगळं मिळत नाही. टपाची मर्यादा साधारण ७५ ते १०० किलो असते आणि त्यात आडव्या पट्ट्यांचं आणि रिकाम्या रूफ बॉक्सचंही वजन येतं.

एवढ्यावर भागत नाही. प्लेटवर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा वेगवेगळी लिहिलेली असते. तिसरी ओळ आणि डिकी यांचा जवळजवळ सगळा भार मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेली वस्तू तर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकते, कारण ती पुढची चाकं थोडी उचलत असते. म्हणून एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो. साध्या स्प्रिंगच्या गाडीत हे दिसतं, गाडी मागे बसते. एअर सस्पेन्शनवाल्या (स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे असलेल्या) गाडीत दिसत नाही. पंप हवा भरतो, गाडी पुन्हा सपाट उभी राहते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. टायर, बेअरिंग आणि ब्रेक यांना मात्र पूर्ण ओझं सोसावंच लागतं. लांबच्या प्रवासाआधी एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पूर्ण गाडीचं आणि फक्त मागच्या चाकांचं असं दोन्ही वजन घ्या. टायरमधली हवा पूर्ण भाराच्या तक्त्याप्रमाणे भरा, मागच्या टायरचा आकडा बहुतेक वेळा बराच जास्त असतो.

टायरवरूनच सांगतो, २२ इंची चाकांचा मोह टाळा. २८५/४० आर २२ टायरची भिंत ११४ मिलिमीटर उंच असते, २७५/५० आर २० ची साधारण १३८. हे जादाचे २४ मिलिमीटर खड्ड्यात रिम वाचवतात, आणि मागे बसलेल्यांना त्यांचा फरक ड्रायव्हरपेक्षा जास्त जाणवतो. पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर असतील तर ते अदलून-बदलून लावता येत नाहीत, म्हणजे मागची जोडी लवकर जाते. स्टेपनी आहे का, हेही विचारा. सात सीटच्या गाडीत पुष्कळदा फक्त पंक्चर किट असतं. त्यातल्या द्रवाला मुदत असते आणि टायरची भिंत फाटली तर त्याचा काही उपयोग नाही.

टेस्ट ड्राइव्ह सगळ्यांना घेऊनच करा. निम्मा वेळ स्वतः तिसऱ्या ओळीत बसा. तिथे गाडी लागण्याचं प्रमाण जास्त असतं त्याला कारण आहे: माणूस मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे बसतो, त्यामुळे वरखाली हालचाल जास्त मिळते. खिडकी लहान, सीट खाली, समोर पुढच्या सीटची पाठ. क्षितिज दिसत नाही. सगळ्यात मऊ मोडमध्ये गाडी उंचवट्यावरून गेल्यावर दोन-तीनदा डोलत असेल तर मागच्यांचे हाल होणार. मधला मोड लावून तोच रस्ता पुन्हा घ्या, पुष्कळदा तोच बरा वाटतो. एसीचे झरोके तोंडाच्या पातळीवर आहेत की फक्त पायाशी, ते बघा. गाडी उन्हात तापलेली असताना मागची ओळ गार व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. शोरूमच्या सावलीतल्या गाडीत हे कळत नाही.

चालवायला या गाड्या वाटतात तेवढ्या कठीण नाहीत, पण आरशांसकट रुंदी दोन मीटरच्या पुढे जाते, म्हणून रोजच्या पार्किंगची जागा मोजून मगच निर्णय घ्या. मागची चाकं वळण्याची सोय मिळत असेल तर बाकीचे चार पर्याय सोडून ती घ्या. क्यू ७ मध्ये ती मागची चाकं ५ अंशांपर्यंत वळवते आणि अरुंद वळणात फरक लगेच कळतो. उंच बॉनेटपुढे काय दिसत नाही, हे समजण्यासाठी साधारण पाऊण मीटर उंचीची वस्तू गाडीसमोर ठेवा आणि ड्रायव्हरच्या सीटवरून दिसेपर्यंत कोणाला तरी ती लांब न्यायला सांगा. ते अंतर एकदा डोळ्यांनी बघितलं की अंगणात गाडी काढताना माणूस आपोआप थांबतो. कॅमेरा आहे म्हणून हे टाळू नका, चिखलाचा एक शिंतोडा लेन्सवर बसला की त्याचं काम संपलं.

प्लग-इन हायब्रिड हवी असेल तर सीट आधी मोजा. क्यू ७ ची प्लग-इन आवृत्ती पाच सीटचीच मिळते, कारण तिसऱ्या ओळीच्या जागी बॅटरी बसते. एक्ससी ९० मध्ये बॅटरी गाडीच्या मधल्या बोगद्यात असल्याने सातही सीट राहतात. डिझेल घेऊन रोज पाच-सहा किलोमीटरच्याच फेऱ्या होणार असतील तर घेऊ नका. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) साफ व्हायला लागणारी उष्णता तेवढ्यात तयार होत नाही आणि तो तुंबतो.

आणि जुनी गाडी घेत असाल तर एअर सस्पेन्शन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करा. चारही चाकांपाशी चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा. रात्रभर उभी ठेवून सकाळी गाडी चालू करायच्या आधी, दार न उघडता, परत मोजा. अनलॉक केलं किंवा दार उघडलं तरी पंप जागा होतो आणि आकडा बदलतो. एका कोपऱ्यात सेंटीमीटरहून जास्त उतार पडला असेल तर तिथे हवा गळते आहे. बहुतेक वेळा रबरी फुग्याची घडी पडते तिथे तडे जातात, कधी नळीचा जोड सैल असतो. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे जागा दाखवतात. नंतर गाडी चालू करून पंपाचा आवाज ऐका. काही सेकंद ते अर्धा मिनिट ठीक, पण तो घरघरत दोन मिनिटं चालला तर गळती भरून काढता काढता पंपही झिजत आला आहे. अशा वेळी एक फुगा बदलून भागत नाही. त्याच अ‍ॅक्सलचे दोन्ही फुगे, पंप आणि त्याचा रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा खटका), एवढ्याचा अंदाज लेखी घ्या आणि मगच किमतीवर बोला.