चॅम्पियन व्हायचंय? मग लाज पिटमध्येच ठेवून या

तर तुम्हाला फॉर्म्युला वन चॅम्पियन व्हायचंय. छान. गाडी चालवता येते का वगैरे मी विचारतच नाही, तेवढी तर ग्रिडवरच्या (रेस सुरू व्हायच्या रांगेतल्या) सगळ्यांनाच येते. मला फक्त एवढं सांगा, स्वतःच्या चुकीने भिंतीवर आपटून गाडीचा खुळखुळा झालेला असताना, मागून येणाऱ्याला बघून 'हा कसा पुढे जातो तेच बघतो' असं तुमच्या मनात येतं का? येत असेल तर पुढे वाचा. नसेल येत तर बॅडमिंटन खेळा, तिथे मध्ये जाळी असते.

आधी थोडं गणित. शेवटच्या रेसला जाताना 1 पॉइंटने पुढे असायचं, बास. मग जिंकायची गरजच नाही, दोघंही बाहेर पडले की ट्रॉफी आपली. 1994, ॲडलेड. मायकेल शुमाकर (लाडाने शुमी) पुढे, त्याचा प्रतिस्पर्धी डेमन हिल मागे, 36 वा लॅप म्हणजे फेरी. शुमी चुकला, ट्रॅकबाहेर गेला, भिंतीला ठोकून परत आला, हिलला आतल्या बाजूला जागा दिसली आणि बिचारा शिरला (सभ्य माणसाचं हे असंच होतं) तर शुमीने दार लावून घेतलं. शुमीची गाडी दोन चाकांवर उचलली जाऊन टायरच्या ढिगात, हिलच्या सस्पेन्शनची दांडी वाकलेली. मग आपला हिरो जाळीच्या कुंपणामागे उभा राहून ट्रॅककडे बघतोय, हिल परत येतोय का. नाही आला. पंच म्हणाले, रेसिंगमध्ये असं होतंच. सीझनचे पॉइंट्स 92 विरुद्ध 91, शुमी चॅम्पियन.

हिलपण 1996 ला चॅम्पियन झाला म्हणा, पण त्याच्या टीमने सीझन संपायच्या आधीच त्याच्या हातात नारळ ठेवला होता. सभ्यपणाचे फायदे.

आता हीच युक्ती दुसऱ्यांदा करायची तर नेम नीट धरा. 1997, हेरेझ, परत शेवटची रेस, परत 1 पॉइंटचाच लीड, या वेळी आत शिरला जाक व्हिलनव. शुमीने स्टिअरिंग वळवलं, धडक बसली, पण व्हिलनवची गाडी काही थांबेना आणि आपली मात्र खडीत रुतली. सीझनमधला दुसरा नंबर काढून घेतला आणि शिक्षा काय, तर रस्ता सुरक्षेच्या प्रचाराला जायचं! हसू नका, खरंच. जो मुद्दाम गाडी घालतो तोच लोकांना सांगणार, बाबांनो गाडी सांभाळून चालवा.

आणि काहीही केलंत तरी वर एक भारी वाक्य टाकायला शिका. यात गुरू एकच, ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना. 1990, सुझुका. पोल (सगळ्यात पुढून सुरुवात) याचा, पण पोलची जागा ट्रॅकच्या घाणेरड्या बाजूला, बदलून मागितली तर मिळाली नाही, मग काय, पहिल्याच वळणावर टायटलच्या शर्यतीतल्या प्रोस्टच्या फेरारीत गाडी घातली, दोघं खडीत, टायटल खिशात. पुढच्याच रेसच्या वेळी जुना चॅम्पियन जॅकी स्टुअर्टने तोंडावर विचारलं की बाबा तू इतक्या लोकांना कसा काय ठोकतोस, तर साहेब म्हणाले की समोर गॅप असताना जो शिरत नाही तो रेसिंग ड्रायव्हरच नाही. ते वाक्य आज पोस्टरवर आहे, टीशर्टवर आहे, जिमला नियमित दांडी मारणाऱ्यांच्या स्टेटसवर आहे. आणि वर्षभरानंतर सेनाने स्वतःच कबूल केलं की ते मुद्दाम होतं, आधीच ठरवलेलं. म्हणजे गॅपबिप काही नाही, तत्त्वज्ञान तेवढं उरलं.

माफी मागावीच लागली तर सेबास्टियन व्हेटेल या ड्रायव्हरसारखी मागा. 2013 ला मलेशियात टीमची ऑर्डर धुडकावून स्वतःच्याच टीममधल्या वेबरला मागे टाकलं, लगेच सॉरी म्हणाला, आणि तीन आठवड्यांनी चीनमध्ये सांगितलं की परत वेळ आली तर बहुतेक तेच करेन.

फॅन्सची काळजी करू नका, ते आपोआप येतात. मीच बघा ना. 1998 ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पावसात शुमी मागून मॅक्लारेनच्या कूल्टहार्डवर आदळला, तीन चाकांवर गाडी पिटमध्ये आणली आणि हेल्मेट काढून तडक मॅक्लारेनच्या गॅरेजमध्ये मारामारीला. चूक कोणाची यावर अजून भांडता येईल, पण आमचं तेव्हा ठरलेलं होतं, शुमी बरोबर. 2006 ला मोनॅकोच्या क्वालिफायिंगमध्ये (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्यांत) त्याने रास्कासच्या वळणावर गाडी उभी करून प्रतिस्पर्धी अलोन्सोचा लॅप घालवला, तेव्हाही 'अहो, ब्रेक लॉक झाला असेल' म्हणणारे आम्हीच. पंचांनी त्याला ग्रिडच्या शेवटच्या जागेवर पाठवलं, आणि तिथून तो पाचवा आला, झालं, आम्हाला तेवढंच पुरतं.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. 1992, परत स्पाच, प्रॅक्टिस चालू होती. एरिक कोमास या ड्रायव्हरची गाडी आदळली, तो बेशुद्ध, पाय ॲक्सिलरेटरवरच, इंजिन बोंबलतंय. सेनाने आपली गाडी थांबवली, उतरला, चालू ट्रॅकवरून पळत गेला, त्याचं इंजिन बंद केलं आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचं डोकं धरून थांबला. अशाने लॅप वाया जातो बरं का.