मावशी गेली कुठं?

मला एवढंच सांगा, ती मावशी गेली कुठं?

आठच्या मालिकेतली. मालिकेचं नाव घेत नाही. घेतलं तर त्यांचीच फुकटची जाहिरात, आणि जाहिरातीत त्यांनी आधीच काही कमी ठेवलेलं नाही. मे महिनाभर दर ब्रेकला तो प्रोमो. धूळ उडवत बुलेट येणार, नऊवारीतली बाई उतरणार, गळ्यात कोल्हापुरी साज, नाकात ही एवढी नथ, हातात लोखंडी पेटी, मागं हलगी कडकडणार. मग ती आमच्याकडं डोळे वटारून म्हणणार, "आता बघा कोल्हापूरचा ठसका!" चौकात फ्लेक्स, रिक्षाच्या पाठीवर मावशी. रंकाळ्यावर येऊन गेली, अंबाबाईचं दर्शन घेऊन गेली, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिताना पांढऱ्या मिशीसकट फोटो काढून गेली. आमच्या गल्लीतल्या दोन पोरांनी तिच्याबरोबर सेल्फी काढले ते अजून दाखवत हिंडतात.

माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. त्या रविवारी साडेसहालाच भाकऱ्या उरकून, तोंड धुऊन, इरकल नेसून बसल्या. टीव्हीपुढं! शेजारच्या काकू स्वतःच्या घरचा टीव्ही बंद करून आमच्याकडं आल्या. मी भडंग केलं. म्हणजे खरी पावणी यायची असती तरी यापेक्षा वेगळं काही केलं नसतं.

आली. आणि तोंड उघडलं तिनं.

आता हे जरा सांगूनच टाकतो, कारण रागाची सुरुवात तिथंच झाली. कोल्हापुरी म्हणजे वाक्याला 'लई' आणि 'रं' चिकटवणं, अशी मुंबईतल्या लेखकांची समजूत कुणी करून दिली आहे? मावशी म्हणते, "म्या आली हाय!" अहो, कोल्हापूरची बाई 'मी आलो' म्हणते. 'मी जेवलो', 'मी जातो', 'मी सांगतो तुला'. आमच्या आज्या तशाच बोलल्या, आम्ही तसंच बोलतो. शाळेत बाईंनी लिहिताना 'आले-गेले' करायला लावलं तेवढंच. एवढी साधी खूण माहीत नाही आणि म्हणे कोल्हापूरचा ठसका. शिवाय सकाळी चहाला साज, दुपारी झोपताना साज, आणि घरभर पायात कोल्हापुरी चप्पल करकर वाजवत. देवघरातसुद्धा! सासूबाईंनी तिथंच कपाळाला हात लावला.

पण तेही पोटात घातलं. पावणी आहे, चालायचंच. कारण तिच्याकडं ती पेटी होती ना. नायिकेच्या मेलेल्या आईचं काहीतरी गुपित त्या पेटीत होतं. किल्ली मावशीच्या कमरेला. प्रोमोमध्ये तीन वेळा किल्ली वाजवून दाखवली होती. पहिल्याच भागात तिनं पेटी नायिकेच्या पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "येळ आली की उघडीन." आम्ही सगळे येळेची वाट बघत बसलो.

पुढं मावशीनं काय केलं? एकदा खलनायिकेच्या हातातला पेला हिसकावला. एकदा तांबडा रस्सा केला, तो खाऊन सगळं घर खोकलं. (तांबडा रस्सा खाऊन माणसं खोकत नाहीत, दुसरी वाटी मागतात. असो.) एकदा नायिकेच्या डोक्यावरून हात फिरवून रडली. पंधरा-सोळा भाग झाले असतील. आमच्या दुधाच्या कॅलेंडरवर खाडे मांडतात तसे मोजले तर प्रोमोचे दिवस मावशीच्या दिवसांपेक्षा जास्त भरतात.

आणि मग एका मंगळवारी ती म्हणाली, "बसा, मी भाकऱ्या टाकून येते," आणि स्वयंपाकघरात गेली.

ती अजून तिथंच आहे.

नाही, मी गंमत करत नाही. ती परत बाहेर आलीच नाही. बुधवारी वाटलं, आज तिचा सीन नसेल. गुरुवारी वाटलं, बाजाराला गेली असेल. शनिवारी नायिका खिडकीत उभी राहून, डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "या घरात मला माझं म्हणावं असं कुणीच नाही." कुणीच नाही? अगं, तुझी सख्खी मावशी आत भाकऱ्या थापतेय! काकू तर ओरडल्याच, "आरं, आत जाऊन बघा की कुणीतरी, पडलीबिडली असंल!"

पेटी मात्र पुढं दोन आठवडे दिसत होती. पलंगाखालून निघून कोपऱ्यात आली आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले. जिच्यासाठी आम्ही महिनाभर जीव टांगणीला लावला, त्या पेटीवर नायकाच्या सहा शर्टांची चळत! मग एके दिवशी पेटीही गेली. तिच्या जागी कुंडी आली.

माझा एक मावसभाऊ मोरेवाडीला चित्रनगरीत लाइटची कामं करतो. त्याला धरलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अक्का, गुरुवारी बार्कचे आकडे येत्यात, कुठली मालिका किती लोकांनी बघितली त्येचे. आकडा पडाय लागला की नवीन माणूस आणायचा, बोंब मारायची. काटा हलला तर ठेवायचा, न्हाई हलला तर लेखकाला फोन, ट्रॅक गुंडाळा." मी म्हटलं, गुंडाळा म्हणजे काय, सतरंजी आहे का? तर म्हणे, शूटिंग प्रसारणाच्या चार-आठ दिवस आधी चालतं, कलाकाराला दिवसावर पैसे, दिवस बंद केले की विषय संपला. आणि त्या दिवसांचा चेकसुद्धा नव्वद दिवसांनी येतो. म्हणजे मावशीचा चेक निघेस्तोवर प्रेक्षक मावशीला विसरलेले.

आणि हा काटा हलतो कुणाच्या घरात? सगळ्या देशात मिळून पन्नास हजारांवर घरांत, टीव्हीवर काय बघतात ते टिपणारं बार्कचं मीटर बसवलेलं आहे, आणि कुणाच्या घरात ते गुपित. आमच्या पेठेत कुणाकडं असेल तर त्या माणसापुढं हात जोडतो: बाबा, तुला मावशी आवडली नाही ते ठीक, पण पेटी उघडेपर्यंत तरी चॅनल बदलायचं नव्हतंस.

हे फक्त मराठीत आहे असंही नाही. सीआयडी आठवा. 1998 पासून शिवाजी साटम हात फिरवत 'कुछ तो गडबड है' म्हणत आले, मध्ये सहा वर्षं बंद पडून 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. 2025 च्या एप्रिलमध्ये वाहिनीनं चक्क श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, एसीपी प्रद्युमन, 1998 ते 2025. आमच्या घरात तेव्हा खरोखर कुणी गेल्यासारखी कळा होती. त्या खुर्चीवर नवा एसीपी, आयुष्मान, पार्थ समथान. मुलाखती, प्रोमो, सगळा थाट. दीड-दोन महिन्यांत नवा साहेब गेला आणि मेलेले साहेब परत आले. दयाला एवढी दारं तोडायला लावता, त्यातलं एखादं दार उघडून हा नवा साहेब कुठं गेला ते बघायचं की.

भाचा सांगत होता, अमेरिकेत तर या रोगाला नावच आहे. तिकडं 'हॅपी डेज' म्हणून मालिका 1974 ला सुरू झाली, तीत घरचा थोरला मुलगा चक होता, सतत बास्केटबॉल घेऊन फिरणारा. दुसऱ्या सीझननंतर तो दिसलाच नाही, आणि घरात कुणी त्याचं नावही काढलं नाही. त्यावरून तिकडं असं पात्र गायब झालं की 'चक कनिंगहॅम सिंड्रोम' म्हणतात. आमच्याकडं नाव द्यायचं तर किती चक निघतील? परदेशातून आलेला नायकाचा जुळा भाऊ, वकील मैत्रीण, स्मृती गेलेली पहिली बायको... जाऊ दे.

मला कळतं हो. कलाकार आजारी पडतो, तारखा जुळत नाहीत, पैशावरून वाजतं, लोकांना पात्र रुचत नाही. काढा की. कोण नको म्हणतंय? पण एक वाक्य लागतं, एक! "मावशी गावी गेली, पंचगंगेचं पाणी वाढलंय." संपलं. यावर कोल्हापुरात एक माणूस शंका घेणार नाही. आमची नदीसुद्धा सांगून येते; राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, घराघरात आकडा पाठ. आणि तुम्हाला एक बाई घराबाहेर काढताना एक ओळ लिहवत नाही?

आम्ही पावण्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जाणारी माणसं. रिक्षात बसला की पिशवीत चटणीची पुडी कोंबणार, "परत या" म्हणणार, रिक्षा वळेपर्यंत उभे राहणार. त्यात हे गाव म्हणजे सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांचं, भालजी पेंढारकरांचं. प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथंच सुरू झाली. राणादाच्या मालिकेच्या वेळी वसगड्याचा तो वाडा बघायला कुठून कुठून माणसं यायची. पडद्यावरच्या माणसाला घरचं मानायची आम्हाला जुनी खोड आहे. ती खोड ओळखूनच तर आमच्या चौकात फ्लेक्स लावलात. मग आणताना हलगी, आणि घालवताना मोरीतून? सासूबाई अजून आठ वाजता विचारतात, "आज येत्या का गं ती?" त्यांना काय सांगू? टीआरपी समजावून सांगू?

शेवटी मावशी सापडली ती जुलैत. टीव्हीवर नाही.

कपिलतीर्थ मार्केटात मेथी घ्यायला गेलो होतो, सासूबाई बरोबर. पाऊस असा की छत्री उलटी. एका भाजीवालीनं चार बांबूंवर फ्लेक्स ताणलेला, त्याच्या आडोशाला आम्ही दोघी शिरलो. सासूबाईंनी वर बघितलं आणि माझा दंड धरला.

"अगं, ही बघ! हितं हाय की!"

उलटी टांगलेली मावशी. अर्धा चेहरा, नथ, साजाचे चार मणी आणि 'रविवारी एक तास' एवढी अक्षरं. नथीपाशी भोक पडलेलं, त्यातून थेंब थेंब पाणी कोथिंबिरीवर.

भाजीवालीला विचारलं, कुठनं आणला हा? म्हणाली, "चौकातनं काढून टाकत हुते, म्हटलं द्या हिकडं. लई दणकट कापाड हाय. आजून दोन पावसाळं जातंय बघा."

सासूबाई बराच वेळ वर बघत उभ्या होत्या. मग खाली वाकून मेथीची पेंडी उचलली आणि भाजीवालीला म्हणाल्या, "त्या पेटीत काय हुतं, तुला काय म्हाईत हाय का गं?"