डॉबरमनचा मेंदू वाढत नाही, वाढतं ते हृदय

सोसायटीत कुणी डॉबरमनचं पिल्लू आणलं की आठवड्याभरात ग्रुपवर तो मेसेज येतोच. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: "डॉबरमनची कवटी लहान असते, पण मेंदू आयुष्यभर वाढत राहतो. पाच-सहा वर्षांचा झाला की मेंदूवर दाब येऊन तो पिसाळतो आणि मालकाचाच गळा धरतो. हिटलरने ही जात माणसं फाडण्यासाठीच बनवून घेतली होती. पाच वर्षं व्हायच्या आत घरातून काढा." वर "जर्मन शास्त्रज्ञांचं संशोधन" असा शिक्का. शास्त्रज्ञाचं नाव मात्र आजवर एकाही मेसेजमध्ये दिसलेलं नाही.

हिटलरचं आधी उरकून टाकू. जर्मनीच्या थुरिंगिया भागात आपोल्डा नावाचं गाव आहे, घंटा ओतण्यासाठी नावाजलेलं. कोलोनच्या कॅथेड्रलमधली 24 टनांची अजस्र घंटा 1923 मध्ये इथेच ओतली गेली. याच गावात कार्ल फ्रीड्रिश लुई डोबरमन हा गृहस्थ करवसुली करायचा, आणि भटकी कुत्री पकडायचं कामही त्याच्याकडेच होतं. वसुलीला जाताना सोबत असेल तर लोक वाकड्यात शिरणार नाहीत आणि मालकाचा शब्द मात्र खाली पडू देणार नाही, असा कुत्रा त्याला हवा होता. हाताशी कुत्र्यांचा तोटा नव्हताच. जर्मन पिन्शर, रॉटवायलरच्या वळणाची गुरांमागची कुत्री, मेंढपाळांची कुत्री असं बरंच काही त्यात मिसळलं असावं असं मानतात. नेमकं प्रमाण सांगता येत नाही, कारण या माणसाने कसली नोंदच ठेवली नाही. तो 1894 मध्ये वारला. हिटलर तेव्हा पाच वर्षांचा होता. खुद्द हिटलरची लाडकी कुत्री ब्लाँडी होती जर्मन शेफर्ड, म्हणजे आपण जिला वर्षानुवर्षं अल्सेशियन म्हणत आलो ती.

जर्मन सैन्याने डॉबरमन वापरले हे खरं. पण अमेरिकन मरीन्सनीही ते वापरले. 1944 साली ग्वाम बेटावर जपानी सैन्याशी लढताना मेलेल्या 25 कुत्र्यांचं स्मारक तिथे आहे आणि त्यातले बहुतेक डॉबरमन आहेत. त्यावरचा पुतळाही डॉबरमनचाच.

आता मेंदू. पिल्लाचा मेंदू पहिल्या काही महिन्यांतच जवळपास पुऱ्या आकाराचा होतो आणि कवटी त्याच्यासोबत वाढते. पाचव्या वर्षी मेंदू पुन्हा वाढायला लागला, असं कुठल्याच जातीत होत नाही. डॉबरमनचं डोकं लांबट, चपटं, पाचरीसारखं दिसतं म्हणून ही कल्पना निघाली असावी, असा माझा अंदाज. गंमत अशी, की मेंदूच्या मानाने कवटी अपुरी पडण्याचा विकार कुत्र्यांमध्ये खरोखर आहे. तो सर्वांत जास्त आढळतो कॅव्हलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये, म्हणजे मांडीवर बसणाऱ्या, लोंबत्या कानांच्या, राजघराण्यांतल्या लाडोबात. त्याला असह्य वेदना होतात, मान खाजवत राहतो. त्याच्यावर कुणी मेसेज काढत नाही, कारण त्याला बघून कुणाची टरकत नाही.

तरीही "वेडा होतो" हे लोकांना पटतं, कारण डॉबरमन अधूनमधून चमत्कारिक वागतो. आमच्याकडचा कुत्रा गोधडीचा कोपरा तोंडात धरून अर्धा-अर्धा तास चोखत बसायचा. डोळे अर्धवट मिटलेले, पुढचे पंजे आळीपाळीने दाबत, कोपरा लाळेने चिंब. हाक मारली तरी शुद्ध नसायची. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा, सुरुवात झाली." ही सवय या जातीत बरीच आढळते, काही कुत्रे स्वतःची कूसच चोखून चोखून कातडी सोलवटून घेतात. तिचा एका विशिष्ट जनुकाशी संबंध असल्याचं 2010 मध्ये संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे काही जण हात धुतच राहतात, त्या जातकुळीतलं हे. काकूंना एवढंच सांगितलं की गोधडी गेली, बाकी सगळे सुखरूप आहेत.

मालकावर उलटण्याचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. असे प्रसंग घडतात. पण पाच-सात वर्षांच्या डॉबरमनमध्ये काय काय बिघडतं ते बघा. मानेच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दाबला जाण्याचा विकार या जातीत नेहमीचा. मागचे पाय लटपटतात, मान खाली धरून चालतो. अशा कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा कुणी सवयीने खसकन ओढला की कळ मस्तकात जाते आणि दात लागतात. घरचे म्हणतात, "काही कारण नसताना चावला." थायरॉइड मंदावण्याचा त्रासही या जातीत बराच. त्यात पिल्लू असल्यापासून गुरगुरल्याबद्दल फटके खाल्लेले असले, तर कुत्रा गुरगुरणं सोडतो. राग सोडत नाही. दिवसभर साखळीला, रात्री गेट बंद करून मोकळा, आणि "तापट व्हावा" म्हणून कच्चं मटण (याने काहीही होत नाही, फार तर पोट बिघडतं), असा वाढवलेला कुत्रा कुणावर गेला तर त्यात कवटीचा काय दोष?

स्वभाव जातीतून येतो की नाही, यावर 2022 मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, 2,000 हून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासले. वागण्यातल्या फरकांपैकी साधारण 9 टक्केच जातीवरून सांगता येतात, असं निघालं. 2008 च्या दुसऱ्या एका पाहणीत माणसांवर धावून जाण्यात डॅशहुंड आणि चिवावा ही छोटी कुत्री पुढे होती. यावरून डॉबरमन गाय आहे असं मी म्हणणार नाही. डॅशहुंड चावला तर डेटॉलवर भागतं, डॉबरमन चावला तर टाके पडतात. तीस-चाळीस किलोचा, वाऱ्यासारखा पळणारा, परक्याकडे संशयाने बघणारा कुत्रा आहे तो. ज्यांना त्याला शिकवायला वेळ नाही, त्यांनी आणू नये. हे मेसेजमध्ये लिहिलं असतं तर मीही पुढे पाठवला असता.

काही मेसेजना शेपूट असतं: "कान-शेपटी कापलेलाच अस्सल." जर्मनीत, म्हणजे जातीच्या माहेरातच, कान कापायला 1980 च्या दशकात बंदी आली आणि 1998 मध्ये शेपटीलाही. तिकडचे अस्सल डॉबरमन कान पाडून, शेपटी हलवत फिरतात. शेपटी आणि कान हलते असले की कुत्र्याची मर्जी लांबूनही कळते. ते छाटून टाकायचं आणि मग "अचानक चावला" म्हणायचं.

राहता राहिला सल्ला, "पाच वर्षांच्या आत काढा." डॉबरमनमध्ये उतारवयाकडे खरोखर काही वाढत असेल तर ते हृदय. हृदयाचा स्नायू पातळ होतो, कप्पे फुगतात, ठोके चुकतात. युरोपात झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून जास्त डॉबरमनना कधी ना कधी हा आजार झाल्याचं दिसलं. कित्येकदा आदल्या दिवशी बागेत पळणारा कुत्रा दुसऱ्या दिवशी जागच्या जागी कोसळतो, आधी काही लक्षण नाही. लवकर कळलं तर औषधांनी बरेच महिने हाती लागतात. त्यामुळे तीन-चार वर्षांचा झाला की दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि शक्य असेल तर 24 तासांचं होल्टर (अंगावर छोटं यंत्र बांधून ठोक्यांची नोंद) करून घ्या. ब्रीडरकडे गेलात तर आई-बापांचे हृदयाचे रिपोर्ट मागा; नुसती चॅम्पियनची सर्टिफिकेटं दाखवत असेल तर उठून या. आणि नसबंदी किंवा कसलंही ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांशी रक्तस्रावाच्या तपासणीचं बोला, कारण रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक दोष या जातीत भरपूर आहे.