डोळ्यात मध टाकायच्या त्या मेसेजबद्दल

कोल्हापूरच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, डोळे कोरडे पडले तर रात्री मधाचा थेंब टाका, सात दिवसात कायमचं बरं, आणि डोळ्यातनं पाणी येत असेल तर तो कोरडेपणा नव्हेच. दोन्ही चूक आहे बघा.

मला डोळ्यांचा हा कोरडेपणा अचानक सुरू झाला तेव्हा रंकाळ्यावर वारं लागलं की वाळू गेल्यागत टोचायचं आणि पाणी घळाघळा वाहायचं, म्हणून मीपण आधी असंच समजत होतो. पण ते पाणी डोळा चुरचुरतो म्हणून येतंय. पापणीच्या कडेला मायबोमियन ग्रंथी असतात, त्यांचं तेल अश्रूंवर पसरलं नाही तर पाणी लगेच उडून जातं आणि डोळा परत कोरडा.

घरातला मध निर्जंतुक नसतो, इन्फेक्शन होऊ शकतं, आधीच चुरचुरणाऱ्या डोळ्यात तर अजिबात नको. लाली घालवायचे ड्रॉप्सपण यावर उपाय नव्हेत. कृत्रिम अश्रू (डोळे ओले ठेवायचे ड्रॉप्स) दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर डॉक्टरांना विचारून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कोमट कापडाचा शेक पाच-दहा मिनिटं द्या, गाडीवर हेल्मेटची काच खाली ठेवा.

तोंडपण कोरडं पडतंय, सांधे दुखतायत, तर श्योग्रेनची (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) तपासणी करायची का ते नक्की विचारा. आणि जोराचं दुखणं, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावा.