अनुशेष मागणाऱ्यांना कोल्हापुरातून उत्तर देताना

कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच मिळालं तेव्हापासून एक मेसेज इथल्या ग्रुपांवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: विदर्भाला पहिल्यापासून खंडपीठ, दरवर्षी अधिवेशन, उपराजधानीचा मान, वर पॅकेज, असे सगळे लाड. मराठवाड्यालाही खंडपीठ आणि विकास मंडळ. आपल्याला मात्र साध्या बेंचसाठी 2025 साल उजाडावं लागलं. तरी आपण कुणापुढे हात न पसरता धरणं बांधली, कारखाने काढले. त्यांचे तर मुख्यमंत्रीही झाले, मग अजून कसला अनुशेष, म्हणजे विकासातली थकबाकी, मागतात?

हा मेसेज पाठवणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, भली आहेत. म्हणूनच सविस्तर लिहितोय.

आधी खंडपीठ. नागपूरला 1936 पासून स्वतःचं उच्च न्यायालय होतं. शहर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी राज्यात येताना नागपूरने राजधानी सोडली आणि आख्ख्या हायकोर्टाऐवजी खंडपीठावर समाधान मानलं. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने तर 1955 मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली होती. ती बाजूला राहिली आणि सगळे मराठी भाषक एका राज्यात आले. हे घडावं म्हणून 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला होता. त्यावर यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे यांच्या सह्या आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या, तांत्रिक शिक्षणात जागा, नागपूरला दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, ही त्यातली कलमं. मेसेजमध्ये ज्यांना लाड म्हटलंय, त्या याच अटी आहेत. संयुक्त महाराष्ट्र हवा होता तो आपल्यालाही, आणि त्यासाठी शब्द दिला तो आपल्याच बाजूच्या नेत्यांनी.

आपल्या बेंचचं दुखणं खरं आहे. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांनी तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, वकिलाची आणि लॉजची सोय करायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं, हे दोन पिढ्या चाललं. वकिलांनी चार दशकं लढा दिला. पण हा उशीर विदर्भामुळे झालेला नाही. भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत 18 ऑगस्ट 2025 ला कामकाज सुरू झालं. आदल्या दिवशी उद्घाटनाला आलेले तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचे, म्हणजे विदर्भातले. हक्काची गोष्ट वेळेवर मिळाली नाही की काय होतं, हे ज्या शहराने इतकी वर्षं सोसलं, त्यानेच दुसऱ्याच्या थकलेल्या हक्काला रडगाणं म्हणावं, याचं मला वाईट वाटतं.

आता 'आपण आपल्या हिमतीवर केलं' हा मुद्दा. कष्ट झाले, यात शंका नाही. पण राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी संस्थानच्या खजिन्यातून हाती घेतलं. म्हणजे राज्यकर्त्याने पाणी ही स्वतःची जबाबदारी मानली. नदीनदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पुढे सरकारी पैशातून झाले. सहकारी साखर कारखान्यांत सभासदांच्या शेअर्सबरोबर सरकारचं भागभांडवल होतं आणि कर्जाला सरकारची हमी होती. जिथे आधीच पाणी होतं तिथे ऊस आला, ऊस होता तिथे कारखाना आला, आणि कारखान्यामागे बँक, दूध संघ, इंजिनिअरिंग कॉलेज आणि आमदारकी. पाणीच नसलेल्या तालुक्याला यातली पहिली पायरीच मिळाली नाही.

आणि या हिमतीत आणखी कुणाचा तरी वाटा आहे. हंगामात शिरोळ-हातकणंगल्याकडे जा. फडाच्या कडेला खोपी दिसतील, बाहेर तीन दगडांची चूल. उजाडायच्या आत नवरा-बायको फडात असतात. तो तोडतो, ती पाला काढून मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. पाठचं पोर बांधावर झोपलेलं. त्यांतले किती तरी बीडकडून आलेले असतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर घेऊन. आपला कारखाना वेळेत गाळप करतो तो या माणसांमुळे, आणि ती इथे येतात कारण त्यांच्या रानाला पाणी पोचलेलं नाही. अनुशेष हा शब्द ज्यांना सरकारी वाटतो, त्यांनी त्या फळीकडे पाच मिनिटं बघावं.

'आकडे फुगवलेले असतात' असंही मेसेजमध्ये आहे. अनुशेष कुणा पुढाऱ्याने भाषणात ठरवलेला नाही. 1983 मध्ये राज्य सरकारनेच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबतींत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे, हे तिने मोजलं. 1984 च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटींचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के, लोकसंख्येत मात्र चौथाईहून कमी. पुढच्या निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 ची स्थिती मोजली तेव्हा 14,006 कोटींपैकी 6,624 कोटी विदर्भाचे आणि 4,004 कोटी मराठवाड्याचे होते. किमती आणि निकष बदलले हे धरूनही, विदर्भाचा वाटा कमी होण्याऐवजी 47 टक्क्यांवर गेला.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने दिलेलं 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी 2000 सालापर्यंत अडवायचं होतं. त्यासाठी 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झालं, बाजारातून रोखे काढून पैसा उभा राहिला. ते पाणी आपल्या हक्काचंच होतं, त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. पण मुदत दिसली की सरकार कसं धावतं, हे आपण पाहिलंय. विदर्भात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये राजीव गांधींनी केलं. 372 कोटींचा तो प्रकल्प 18 हजार कोटींच्या पुढे गेला आणि कालव्यांची कामं तीन दशकांनंतरही पुरी नव्हती. पॅकेजचं म्हणाल तर 2006 चं 3,750 कोटींचं पंतप्रधान पॅकेज शेतकरी आत्महत्या होत असलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी होतं. ते कुणाला मिळालेलं बक्षीस नव्हतं.

मुख्यमंत्र्यांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. पुसदचे वसंतराव नाईक 1963 पासून 11 वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते. शंकरराव चव्हाण, विलासराव देशमुख मराठवाड्याचे. तिथल्या नेत्यांनी आपापल्या भागाला जाब दिला पाहिजे, गोसीखुर्दच्या ठेक्यांच्या चौकश्याही झाल्याच आहेत. पण चंदगडच्या एखाद्या वाडीत आजही धड रस्ता नसेल, तर तुमचा पालकमंत्री जिल्ह्यातलाच होता म्हणून तिथली मागणी आपण फेटाळू का?

शेवटचा मुद्दा मंडळांचा. घटनेच्या कलम 371(2) नुसार 1994 मध्ये झालेली विकास मंडळं तीन होती, दोन नव्हेत: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. तिसरं आपलं. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, अख्खं कोकण त्यात येतं. निधी न्याय्य वाटला जातो की नाही यावर राज्यपालांची विशेष जबाबदारी होती आणि मंडळांचा अहवाल दरवर्षी विधानसभेत ठेवायचा होता. 30 एप्रिल 2020 ला तिन्ही मंडळांची मुदत एकदमच संपली. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचं ठरवलं. ते मंडळ कुठे अडलं, हा प्रश्न आपल्या आमदारांनी येत्या नागपूर अधिवेशनात विदर्भाच्या आमदारांबरोबर उभं राहून विचारावा. मेसेज पाठवायचाच असेल तर तो त्यांना पाठवा.