एचबीओ आकाशातून पडलं नव्हतं

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एचबीओ या अमेरिकन टीव्ही चॅनलबद्दल एक लांबलचक फॉरवर्ड आला आणि दोन दिवसांत तोच आणखी तीन ठिकाणांहून मिळाला. सार असं: 'एचबीओ हे जगातलं पहिलं उपग्रह चॅनल. १९७२ साली त्यांनी उपग्रहावरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली. ना जाहिरात, ना खेळ, फक्त सिनेमा. हॉलिवूडने आनंदाने सिनेमे दिले. ज्यांच्याकडे डिश होती त्यांना तर फुकट बघू दिलं. मग नेटफ्लिक्स आलं आणि एचबीओ संपलं.' खाली हात जोडलेले आणि 'याला म्हणतात दूरदृष्टी'.

कॉलेजात असताना मी दोन वर्षं गल्लीतल्या केबलवाल्याकडे पडेल ते काम केलंय. छत्री (म्हणजे डिश अँटेना) फिरवायची, गच्च्यांवरून वायर ओढायची आणि महिन्याच्या सुरुवातीला दारोदार वसुली. त्यामुळे चॅनलच्या गोष्टीतून वायर आणि वसुली गायब दिसली की राहवत नाही.

'१९७२ साली उपग्रहावरून.' वर्ष बरोबर, उपग्रह चूक. ८ नोव्हेंबर १९७२ला एचबीओ सुरू झालं तेव्हा अमेरिकेकडे देशांतर्गत टीव्हीसाठी व्यापारी उपग्रहच नव्हता. कॅनडाचा अनिक ए-१ केप कॅनव्हरलहून उडाला तो दुसऱ्या दिवशी रात्री, आणि अमेरिकेचा पहिला, वेस्टार १, एप्रिल १९७४मध्ये. मग चित्र गेलं कसं? न्यूयॉर्कहून मायक्रोवेव्ह या रेडिओ लहरींनी, मनोऱ्यावरून मनोऱ्यावर, पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या कोळशाच्या खाणींच्या गावी. तिथल्या सर्व्हिस इलेक्ट्रिक या केबल कंपनीच्या ३६५ ग्राहकांकडे. आधी ॲलनटाउन ठरलं होतं, पण ते फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाच्या हद्दीत येत होतं. तिथे सामने दाखवता आले नसते, म्हणून गाव बदललं. उद्घाटनाच्या संध्याकाळी वाऱ्याने केबल कंपनीकडची मायक्रोवेव्ह डिश आडवी केली आणि ती जेमतेम वेळेत पुन्हा उभी राहिली. हे वाचलं आणि मला आमची गच्ची आठवली. वळवाचा पाऊस आला की छत्रीच्या पायांवर वाळूची पोती टाकायला धावायचो, कारण ती बोटभर हलली तरी सगळ्या गल्लीच्या टीव्हीवर मुंग्या.

कल्पना चार्ल्स डोलन यांची. मॅनहॅटनच्या उंच इमारतींमध्ये घरच्या अँटेनावर चित्र धड येत नसे, म्हणून रस्त्याखालून केबल टाकून ती घराघरांत द्यायचा त्यांचा धंदा होता. खोदकामाचा खर्च अफाट आणि वसुली तुटपुंजी. वेगळे पैसे मोजून बघायचं चॅनल त्या ओढाताणीतून सुचलं. तुम्ही याला दूरदृष्टी म्हणा, मला महिनाअखेर ओळखीची वाटते.

'जगातलं पहिलं.' हेही नाही. सोव्हिएत संघात ओर्बिता ही यंत्रणा १९६७पासून मॉस्कोचा टीव्ही उपग्रहावरून दूरदूर पोचवत होती. आणि आपल्याकडचं विसरलात का? १ ऑगस्ट १९७५ला 'साइट', म्हणजे उपग्रहावरून खेड्यांत शैक्षणिक टीव्ही दाखवायचा प्रयोग, सुरू झाला. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतल्या २,४०० गावांत जाळीच्या छत्र्या आणि सामुदायिक टीव्ही संच बसवले होते. (त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून कदाचित आपल्या ग्रुपांवर त्याच्या आठवणी फिरत नाहीत.) एचबीओ उपग्रहावर पोचलं ३० सप्टेंबर १९७५ला, म्हणजे आपल्या खेड्यांनंतर दोन महिन्यांनी. अमेरिकेतल्या केबल कंपन्यांना उपग्रहावरून नियमित कार्यक्रम पुरवणारे ते पहिले, हे मात्र कबूल.

'ना खेळ, फक्त सिनेमा.' इथे तर फॉरवर्डवाल्याने गोष्टीचा गाभाच उपटून फेकलाय. पहिल्याच रात्री सिनेमाच्या आधी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला आइस हॉकीचा सामना होता: न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध व्हँकुव्हर. पुढच्या मार्चमध्ये पोल्का नाचाचा महोत्सव दाखवला. आणि उपग्रहावरची पहिली रात्र गाजली ती मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या मनिलातल्या मुष्टियुद्धाच्या लढतीने. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. फ्लोरिडात फोर्ट पीअर्स-व्हेरो बीच आणि मिसिसिपीत जॅक्सन इथल्या केबल ग्राहकांनी ती घरबसल्या थेट पाहिली. बाकीच्यांना तिकीट काढून थिएटरच्या पडद्यावर बघावी लागली. केबलवाल्यांना त्या रात्री पटलं की छत्री घ्यायलाच हवी.

पण घ्यायची कशी? नियमाप्रमाणे तेव्हा ती साधारण दहा मीटर व्यासाची लागे आणि खर्च एक लाख डॉलरच्या घरात. छोट्या गावातला केबलवाला कुठून आणणार? डिसेंबर १९७६मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने साडेचार मीटरची छत्री चालेल असं ठरवलं, आणि मग गावोगावी त्या उगवू लागल्या. माझ्या मते एचबीओच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस हा, आणि त्यावर कुणी फॉरवर्ड लिहीत नाही.

'हॉलिवूडने आनंदाने सिनेमे दिले.' आनंद? त्याच आयोगाचा नियम होता की पैसे घेऊन केबलवर दाखवायचा सिनेमा साधारण तीन वर्षांच्या आतला हवा, नाहीतर दहा वर्षांहून जुना. मधला माल फुकट दिसणाऱ्या चॅनलांसाठी राखून ठेवलेला. एचबीओ कोर्टात गेलं आणि मार्च १९७७मध्ये तो नियम रद्द करून घेतला. स्टुडिओंचं म्हणाल, तर १९८०मध्ये कोलंबिया, पॅरामाउंट, युनिव्हर्सल आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स यांनी गेटी ऑइल या तेल कंपनीला बरोबर घेऊन 'प्रीमिअर' नावाचं स्वतःचं चॅनल काढायचा घाट घातला. नवे सिनेमे नऊ महिने फक्त तिथे, एचबीओने तोवर हात चोळत बसायचं. ही मक्तेदारी आहे म्हणत सरकार कोर्टात गेलं आणि वर्ष संपता संपता कोर्टाने प्रीमिअरला रोखलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एचबीओने सिनेमॅक्स हे दुसरं चॅनल काढलं.

'डिशवाल्यांना फुकट बघू दिलं.' दिलं नाही, अडवता येत नव्हतं. १५ जानेवारी १९८६पासून एचबीओने सिग्नल पूर्णवेळ असा विस्कटून सोडला की डिकोडर नावाच्या पेटीशिवाय चित्र दिसेना, आणि परसात मोठी छत्री लावलेल्यांकडे डिकोडरबरोबर महिना १२.९५ डॉलर मागितले. छत्र्यांचा खप कोसळला. फ्लोरिडातल्या ओकाला गावात जॉन मॅकडुगल नावाचा छत्री-विक्रेता होता. धंदा बसल्यावर तो एका उपग्रह केंद्रावर नोकरी करू लागला. २७ एप्रिलला मध्यरात्रीनंतर पाळी संपवताना त्याने तिथली मोठी डिश एचबीओच्या उपग्रहाकडे वळवली आणि चालू सिनेमावर रंगीत पट्टे आणून मजकूर झळकवला: कॅप्टन मिडनाइटचा नमस्कार, १२.९५ महिना? जमणार नाही! साडेचार मिनिटं हा खेळ चालला. पुढे तो पकडला गेला. पाच हजार डॉलर दंड आणि वर्षभर नजरेखाली. वसुलीला गेल्यावर 'पुढच्या महिन्यात या' म्हणणारे पुष्कळ पाहिलेत, असा एकही नाही.

राहिलं 'नेटफ्लिक्स आलं आणि एचबीओ संपलं'. अमेरिकेत ते चालू आहे. संपलं ते आपल्याकडे, १५ डिसेंबर २०२०ला, आणि आपल्याकडे २०००पासून जे दिसत होतं त्यात भरपूर जाहिराती होत्या, शिव्यांच्या जागी शांतता होती. जाहिराती नसलेली एचबीओ डिफाइन्ड आणि एचबीओ हिट्स ही दोन चॅनलं वेगळ्या पैशांत २०१३मध्ये आली होती. ग्रुपवर विचारलं, कुणी घेतली होती का? एकानेही हात वर केला नाही, फॉरवर्ड पाठवणाऱ्यानेही नाही.