पलीकडच्या सेक्शनमधला मेलेला माणूस

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. विजेच्या लाईनवर काम करणारे आम्ही लोक चहाच्या वेळी एकमेकांना जे भयानक किस्से सांगतो, त्यांवर मी मागे लिहिलं होतं. सर निवृत्त विद्युत अभियंता. त्यांचं म्हणणं असं, की हे किस्से शास्त्राला धरून नाहीत, त्यांत मेलेल्या कामगारांची थट्टा होते, भुताखेताला खतपाणी मिळतं आणि नवीन पोरं उगाच घाबरतात. माणूस परमिट (लाईन बंद केल्याचा, कामाचा लेखी परवाना) आणि अर्थिंगमुळे (बंद तार जमिनीला जोडण्यामुळे) वाचतो, गप्पांमुळे नाही. तेव्हा लेख काढून टाकावा.

आधी शास्त्राचं बघू. ‘११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) तार चार फुटांवरून माणूस ओढून घेते’ हे खोटं, हे तुमचं बरोबर. हवा फुटायला सेंटिमीटरला साधारण ३० किलोव्होल्ट लागतात. ११ केव्हीची ठिणगी चार फूट उडी मारत नाही. पण सर, हा हिशेब ठिणगीचा झाला. खांबावर चढलेल्या माणसाचा तोल जातो तेव्हा त्याचा हात किती फूट फिरतो, याचा हिशेब त्यात नाही. घसरलेला माणूस हाताला येईल ते धरतो, आणि वर धरायला तारच असते. आमच्या उस्तादानं आम्हाला एखादा सेंटिमीटर सांगितला असता, तर आम्ही दहा सेंटिमीटरवर निवांत पाना फिरवत बसलो असतो. त्यानं ‘ओढते’ म्हणून सांगितलं. शास्त्र चुकलं, अंतर बरोबर निघालं.

दुसरा तुमचा मुद्दा, की ‘बूट खांबाखाली उभे आणि माणूस वर कोळसा’ ही घटना त्या विभागात घडलीच नाही, तुम्ही नोंदी पाहिल्यात. घडली नसणारच. हा किस्सा मी जिथे जिथे ऐकला तिथे तो कायम पलीकडच्या सेक्शनमध्ये घडलेला असतो. पलीकडच्या सेक्शनमध्ये गेलं तर ते आपल्याकडे बोट दाखवतात. सांगणाऱ्यानं स्वतः कधीच पाहिलेलं नसतं, पण ज्यानं पाहिलं त्याच्याबरोबर त्यानं ड्युटी केलेली असते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या हूवर धरणाच्या काँक्रीटमध्ये कामगार जिवंत गाडले गेले, असं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १९३०च्या दशकातल्या त्या कामावर अपघाताचे अधिकृत बळी ९६. पण काँक्रीटमध्ये एकही प्रेत नाही. ते जास्तीत जास्त पाच-पाच फुटांच्या थरांनी ओतलं जायचं. त्यात माणूस बुडून हरवणं अवघड, आणि आत प्रेत राहू दिलं तर भिंतच कमकुवत व्हायची. मात्र त्याच देशात माँटाना राज्यात फोर्ट पेक नावाचं मातीचं धरण आहे. १९३८च्या सप्टेंबरमध्ये त्याचा मोठा भाग घसरला, आठ कामगार गेले आणि त्यांतल्या सहा जणांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत. म्हणजे धरणात माणसं आहेत. दंतकथेनं पत्ता तेवढा बदलला, जास्त प्रसिद्ध धरण गाठलं.

भुताचा किस्सा तुम्हाला सगळ्यात जास्त खटकला. लाईन दोन्हीकडून स्विच उघडून बंद केलेली, परमिट हातात, तरी वर गेलेला माणूस भाजून खाली येतो. का, तर त्याच खांबावर आधी मेलेला वायरमन ‘लाईन चार्ज करतो’. हे भूत कुठे राहतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते लग्नाच्या मांडवामागे जनरेटरच्या गाडीवर बसलेलं असतं. चेंजओव्हर (एका वेळी एकच पुरवठा जोडणारा स्विच) न लावता कुणीतरी जनरेटर थेट घराच्या वायरिंगला जोडतो, करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो, आणि एलटीची, म्हणजे घरातल्या कमी दाबाची वीज पलीकडे ११ केव्ही होऊन निघते. मेलेली लाईन जिवंत होते. किस्सा सांगणाऱ्याला हे बॅकफीड, म्हणजे उलटी शिरलेली वीज, समजावता येत नसेल, पण किस्सा संपताना तो दर वेळी एकच सांगतो: परमिट असलं तरी डिस्चार्ज रॉड (तार जमिनीला जोडणारा दांडा) टाकल्याशिवाय तारेला हात नाही. तुमच्या पुस्तकातही हेच आहे. फरक इतकाच, की पुस्तक कपाटात असतं.

थट्टेबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. किश्श्यातल्या मेलेल्या माणसाला नाव नसतं, गाव नसतं, बायकापोरं नसतात. ज्याच्या तिरडीला आम्ही खांदा दिला, त्याचा किस्सा कुणी करत नाही. त्याचा विषय निघाला तर ‘पावसात गेला तो’ एवढंच बोललं जातं आणि कुणीतरी उठून कप धुवायला घेतं. मेलेल्याचा अपमान बघायचाच असेल तर चौकशीच्या कागदात बघा. ‘मयत कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा’ हे चार शब्द लिहायला फार वेळ लागत नाही. मग तो कंत्राटी होता का, हातमोजे धड होते का, सलग कितवी ड्युटी होती, हे कुणी विचारत नाही.

तरीही काही किस्से बंद व्हावेत असं मला वाटतं. पण ते तुम्ही म्हणता ते नव्हेत. ज्यांत माणूस मरतो ते राहू द्या. ज्यांत माणूस वाचतो, ते घातक.

शॉक लागलेल्याला गळ्यापर्यंत मातीत पुरलं, अंगातली वीज उतरली, आणि संध्याकाळी गडी उठून चहा मागायला लागला. हा किस्सा तुम्हीही ऐकला असेल. वीज पडलेल्या माणसाबद्दलही असाच सांगतात. तारेपासून सुटलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्यामुळे उतरवायला काही नसतंच. जो चहा मागतो त्याचं हृदय थांबलेलं नव्हतं. तो खाटेवर ठेवला असता तरी उठला असता. ज्याचं थांबलेलं असतं त्याच्यासाठी मिनिटं मोजून असतात. आधी पुरवठा बंद करायचा, मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहायचं. पहिल्या दहा मिनिटांत लोक फावडं शोधतात.

आणि दुसरा, ‘आमचे अमुक तात्या चालू लाईनवर उघड्या हातानं जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) बांधायचे, त्यांना करंट लागायचाच नाही.’ तात्या कोरड्या लाकडी शिडीवर असतील, नशीब जोरावर असेल. ऐकणारा विशीतला हेल्पर असतो, पावसाळा असतो आणि शिडी लोखंडी असते. हातातून १० ते २० मिलिअँपिअर गेले तरी स्नायू आवळतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. ‘एसी (लाईनमधला एसी करंट) पकडतो’ म्हणतात ते हेच, आणि तिथे तात्यांची पुण्याई चालत नाही. कोळसा झालेल्या माणसाची गोष्ट ऐकून पोरगं रात्री नीट झोपलं नाही तर सकाळी ते रॉड टाकूनच वर चढेल. तात्यांची गोष्ट ऐकून त्याला झोप छान लागते.

लेख काढत नाही, सर. मातीत पुरण्याच्या किश्श्यांवर वेगळं लिहायला घेतलंय. तुम्ही पाहिलेल्या नोंदींत असे प्रसंग आले असतील तर नावं-गावं वगळून मला कळवा. विशेषतः शॉक लागल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत किती वेळ गेला, तेवढं लिहिलेलं असेल तर नक्की.